‘येतो’ म्हणून गेलेले

मुरलीधर वडके वारले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी घरी येऊ लागले. आलेले परत जात नसत. पहिले खाटेवर बसले, दुसरे खिडकीशी, तिसरे देवघराच्या उंबऱ्यावर. पंधरवड्यात अशी वेळ आली की कुसुमताईंना चुलीपर्यंत जायला नवऱ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी लागे.

घोटाळा एका शब्दाने केला होता. तांबट आळीत कुणी जायला टेकलं की शेजारीपाजारी उशाशी बसत, कपाळावरून हात फिरवत आणि त्याच्याकडून ‘जातो’ म्हणवून घेत. एरवी घराबाहेर पडताना हा शब्द उच्चारणाऱ्या पोराच्या थोबाडीत बसायची. तो या एकाच वेळेसाठी राखून ठेवलेला होता. पण मुरलीधरपंत पडले जन्माचे सभ्य. सगळ्यांनी विनवलं, तरी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “येतो.” कुसुमताईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “या.”

“त्यात तुमचा काय दोष?” समोरच्या मंदावहिनी म्हणाल्या. “एक आमच्याकडे द्या. ओसरी रिकामीच असते.”

मग आळीने मुरलीधरपंत वाटून घेतले. कुणी एक नेले, कुणी दोन. म्हाताऱ्या दत्तोबांनी तर भट्टीशेजारी बैठक घातली. लोक मुरलीधरपंतांचे जुने विनोद त्यांनाच ऐकवत आणि हसून हसून डोळे पुसत. कुसुमताईंना बरं वाटे, खोटं कशाला बोला. कुठल्याही दारात डोकावलं की आपला माणूस.

पण येणारा रोज अधिक लांबून येत होता. आधी चपला झिजल्या, मग तळवे. एका संध्याकाळी जे आले ते दारातच बसले आणि पाण्याच्या तांब्याकडे नुसते बघत राहिले. त्यांना हात उचलवेना.

“अहो, कशाला एवढं चालता?”

“तू ‘या’ म्हणालीस ना,” ते म्हणाले.

तेव्हा कुसुमताई रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दत्तोबा येऊन शेजारी बसले.

“ताई, आता तुम्हीच ‘जा’ म्हणा.”

“स्वतःच्या नवऱ्याला जा म्हणू?”

“आम्ही सगळे बरोबर म्हणतो. एकटीच्या जिभेला जड जाईल.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आळी रस्त्यात उतरली. ज्याने त्याने आपल्याकडचे मुरलीधरपंत हाताला धरून आणले. कुसुमताईंनी घरातले आणले.

“जा,” त्या म्हणाल्या. आळी त्यांच्याबरोबर म्हणाली.

मुरलीधरपंतांनी धोतरं झटकली आणि ते सगळे चालू लागले. आळीच्या टोकाशी सगळे एकदम वळले. त्यांनी हात जोडले. त्यांचे ओठ उघडले.

कुसुमताई धावल्या आणि जवळच्या मुरलीधरपंतांच्या तोंडावर त्यांनी तळहात दाबला. मागोमाग आळी धावली. ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याच्या पाहुण्याच्या तोंडावर गेला.

“काढू नका कुणी,” दत्तोबा हळूच म्हणाले.

तळव्याखाली ओठ हलत होते. ते गरम होते आणि कुसुमताईंच्या चांगल्या ओळखीचे होते. त्यांच्या घशातून ‘या’ वर सरकत जिभेपर्यंत आलं.

मंदावहिनींनी ते पाहिलं. त्यांनी आपला मोकळा हात लांब केला आणि कुसुमताईंच्या तोंडावर ठेवला.