पुंजाजी, मी मेमरी कार्ड बोलतोय

दचकू नकोस, पुंजाजी. मी बोलतोय, सरवरीच्या टायपिंगच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातलं मेमरी कार्ड. काडेपेटीएवढा, पण चपटा. सोमवारी चिखलीच्या कोर्टात तुझी साक्ष आहे आणि तू गावभर सांगत फिरतोयस, "मी काईच पाह्यलं नाही." म्हणून मला तोंड उघडावं लागतंय. एरवी माझं काम गुपचूप लिहून ठेवायचं, बडबडायचं नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तिथून देऊळगाव राजाच्या एका फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात आलो. सात वर्षं लग्नं पाहिली. नवरीपेक्षा पंगतीचेच फोटो जास्त. घास तोंडात असताना फोटो काढला की माणसं काय चिडायची! मग माझ्यापेक्षा मोठी कार्डं आली आणि मी ड्रॉवरमध्ये पडलो, मेलेल्या सेलांच्या शेजारी. फार अपमान वाटला, खोटं कशाला बोलू?

तिथून मला उचललं रहेमतुल्लाचाचांनी, सरवरीच्या अब्बांनी. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. सरवरीचा कॉम्प्युटर वीस वर्षांचा जुना, पण तिचं मराठी टायपिंग त्याच्यावरच चालायचं. त्याची हार्ड डिस्क, म्हणजे सगळं लिखाण साठवणारा लोखंडी डबा, खडखड करत मेली. तसली नवी कुठं मिळेना. चाचांनी एक छोटी पट्टी मागवली, तिच्यात मला खोचलं आणि डब्याची वायर काढून पट्टीला लावली. झालं! कॉम्प्युटर मलाच हार्ड डिस्क समजू लागला. जुन्या डब्याचे स्क्रू गंजले होते. चाचा म्हणाले, "राहू दे त्याले तिथंच, कोनाचं काय खाते?"

मग तुमचं ते वर्ष आलं. बीटी कापसाची पऱ्हाटी डोक्यावर गेली, पण झाडाला बोंडं शोधावी लागत होती. सगळ्यांचं बियाणं एकाच दुकानातलं, नारायणरावाच्या. तुम्ही एकोणसाठ शेतकरी सरवरीकडे तक्रारी टाइप करायला आलात. प्रत्येकाच्या रिकाम्या पाकिटावरचा लॉट नंबर तिनं माझ्यात उतरवला. नंबर नाही तर तक्रार नाही, असं शेतकी ऑफिसात बजावलं होतं.

नारायणरावानं डोकं चालवलं. "पाकिटं आनून द्या, पुढच्या साली बियानं फुकट," म्हणाला आणि तुम्ही शहाणे देऊन आलात. तू सगळ्यांत आधी! त्यानं ती जाळली. आता नंबर उरले फक्त माझ्याजवळ. प्रिंटरची रिबीन संपली होती, एकही तक्रार अजून कागदावर उतरली नव्हती आणि चौकशी दोन दिवसांवर. तेवढ्यात तूच चहाच्या टपरीवर फुशारकी मारलीस, "आमचे नंबर कॉम्प्युटरमंदी हायेत, काय करते नारायनराव?"

काय केलं, ते तू पाहिलंस. बाजाराचा दिवस, भर दुपार. चाचा कॉम्प्युटरचं झाकण काढून धूळ पुसत होते. तू स्टुलावर बसला होतास. नारायणरावाची दोन माणसं घण घेऊन घुसली आणि तू टेबलाखाली गेलास. पहिला घाव मॉनिटरवर बसला. काच सरवरीच्या कपाळात घुसली. प्रिंटर रस्त्यावर जाऊन फुटला. ती आडवी आली, तर एकानं तिची वेणी धरून तिला शटरवर आपटलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यानं चाचांच्या पोटात लाथ घातली.

"नंबर कशात हायेत? बोल म्हाताऱ्या, नाही तं पोरीचं डोस्कं फोडतो!"

मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होतो, उघडा. चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते झेपावले आणि त्या मेलेल्या डब्यावर उजवा पंजा घट्ट दाबून धरला.

"याले नका फोडू, पाया पडतो! याच्यातच सारं हाय!"

"हात काढ बे."

"नाही काढत!"

घण पडला. मग आणखी दोनदा पडला. बोटं आणि डबा एकत्रच चिरडले. रक्त माझ्या अंगावर उडालं. ते दोघं हसत निघून गेले आणि तू त्यांच्या मागून पळालास, घराकडे.

चौकशीत माझ्यातले एकोणसाठ नंबर निघाले. नारायणरावाच्या दुकानाला सील लागलं. तुलाही भरपाई मिळाली. चाचांची तीन बोटं कापावी लागली.

आणि तू काय सांगत फिरतोस? "म्हातारा भंगारासाठी येडा झाला. डब्बा सोडला असता तं हात वाचला असता." अरे, लाज कशी वाटत नाही तुला?

दवाखान्यात मी सरवरीच्या पर्समध्ये होतो. तिनंही रडत तेच विचारलं, "अब्बा, डब्बा तं मेलेला होता. नुसता दाखवून द्यायचा. हात काऊन ठेवला?"

चाचा म्हणाले, "नुसता दाखवला असता तं त्यायले पटलं असतं का, बेटा? मंग त्यायनं सारंच फोडलं असतं. त्या लोकायचे नंबर गेले असते."

त्या लोकांत तू होतास, पुंजाजी. तुझा नंबर तेरावा.

मी आता दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात बसलोय. थकलोय, माझं लिखाण कधी उडेल, सांगता येत नाही. नंबर माझ्यात आहेत, पण घण कोणी मारला, ते माझ्यात नाही. चाचा आणि सरवरी पडले घरचे. नारायणरावाचा वकील त्यांचं म्हणणं उडवून लावेल. दुकानात बाहेरचा माणूस तू एकटाच होतास.

चाचा रोज म्हणतात, "पुंजाजी बोलंल." सरवरी म्हणते, "नाही बोलनार अब्बा, तो भेकड हाय." मला तर तिचंच खरं वाटतं. सोमवारी तुझं नाव पुकारतील, तेव्हा उभा राहा आणि आम्हा दोघांना खोटं पाड.