बुधवारचं एक ताट

देमिस्सेनं बुधवार मुद्दाम धरला होता. बुधवारी ख्रिस्ती लोकांचा उपास. उपासाला मटण नाही, लोणी नाही, दूध नाही. नुसती मसूर, शिरोचं पिठलं, पालेभाजी, आणि खाली इंजेराची मऊ, आंबूस पोळी. म्हणजे बकरं कुणी कापलं, क्रॉसवाल्यानं की बिस्मिल्लावाल्यानं, हा प्रश्नच ताटात येत नाही. देस्ये गावात दोन्हीकडच्या माणसांना एका ताटात जेवायचं तर हा सरळ रस्ता. म्हाताऱ्याला स्वतःच्या डोक्याचं लई कौतुक वाटलं.

"एकच ताट आण," तो तिरुवर्कला म्हणाला. "मोठं. दोघांत."

तिरुवर्क खानावळीची मालकीण. तोंडानं तिखट, हातानं सढळ. पोरीला निरोप तिनंच पोचवला होता.

"दोघांत एक ताट? हे सुचायला एवढी वर्षं लागली?"

"तू तुझी चूल बघ."

"चूल बघतेच आहे. तुम्ही तेवढं तोंड सांभाळा. पोर आली की आल्या आल्या तिच्या ओढणीवर घसरू नका."

"मी काय खुळा आहे?"

"ते आज कळेलच."

पोर म्हणजे यशीमेबेत, घरातली यशी. एकुलती एक. मसाल्याच्या दुकानदाराशी, सईदशी लग्न करून त्याच्या धर्मात गेली, तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलं. मधे तिची आई वारली. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला यशी आली, तर बापानं तिचं ताट वेगळं, दाराजवळ लावायला सांगितलं. पोर मुकाट जेवली, हात धुतला, निघून गेली. पुढं तिला मुलगा झाला, तेही त्याला बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळलं. आता त्या नातवाचं तोंड बघायचं, एवढंच देमिस्सेच्या डोक्यात होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

दुपार कलल्यावर यशी आली. वाकून त्याच्या गुडघ्याला ओठ लावले. त्यानं तिला उठवून दोन्ही गालांचे मुके घेतले.

"बारीक झालात आबा."

"उपास असतो."

"बाराही महिने?"

म्हातारा हसला. जरा मोकळं वाटलं.

"पोरगं कसं आहे?"

"हट्टी. कुणाचं ऐकत नाही. सईद म्हणतो, हे माझं नाहीच, तुझ्या बापाचं आहे."

"बरोबर म्हणतो." जावयाला पहिल्यांदा बरं म्हणताना त्याची जीभ जरा अडखळलीच.

ताट आलं. दोघं आपापल्या कडेनं तोडत आत सरकत राहिले. मग देमिस्सेनं एक चांगला भरगच्च घास वळला, मसूर आणि शिरो दोन्ही घालून, आणि तिच्या तोंडापुढं धरला. मोठ्यानंच आधी भरवायचं असतं. यशीनं तोंड उघडलं, घास घेतला, आणि चावता चावता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिरुवर्क, मिरची फार झालीय तुझी!" म्हातारा ओरडला.

"माझ्या मिरचीला कशाला बोल लावता?" आतून उत्तर आलं.

यशीनं डोळे पुसले. "रविवारी घेऊन येते त्याला. पण आबा, एक सांगते. पोराला मी दाराजवळ बसवू देणार नाही."

"कोण बसवतंय! माझ्या मांडीवर बसेल तो."

"बघू या."

तिनं घास वळायला घेतला. बापाच्या घासापेक्षा मोठा. ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणाली आणि हात पुढं केला. घेतलेल्या घासाची फेड घासानंच होते, आणि भरवणाऱ्याचा हात परतवला की माणूसच परतवलं. हे देस्येत शेंबड्या पोरालाही कळतं.

तेवढ्यात दाराचा मण्यांचा पडदा वाजला आणि अस्फाव आत आला. गल्लीच्या मयत-मंडळाचा मुख्य. कुणी गेलं की तंबू, बाकं, भांडी, खांदेकरी, सगळं त्याच्या शब्दावर. देमिस्सेला अस्फाव दिसलाच नाही. दिसली स्वतःची तिरडी, अंगणात तशीच पडलेली, जवळ ना पाद्री ना खांदेकरी. तो ताठ बसला.

"पोट भरलं," तो म्हणाला.

"एक घास आबा."

"नको म्हटलं ना. तू खा."

"माझं मेलं तोंड बघाल." हे तिनं हसत म्हटलं, सगळेच म्हणतात तसं. हसू ओठांवर राहिलं, डोळ्यांतलं गेलं. हात तसाच. मसुरीचा रस मनगटावरून कोपराकडं चालला. देमिस्से ताटाच्या काठाशी खाली बघून कण वेचत होता.

यशीनं घास ताटात ठेवला आणि उठून कोपऱ्यात हात धुवायला गेली.

अस्फाव स्टूल ओढून बसलाच. "काय देमिस्से, अख्खं ताट पुढ्यात आणि तोंड सुतकी?" म्हणत त्यानं एक मुठीएवढा घास वळला. "आ कर. नाही म्हणालास तर माझं मरण तुझ्या माथी."

देमिस्सेचं तोंड आपोआप उघडलं. जन्माची सवय.

यशी हात पुसत वळली, तिला नेमकं तेच दिसलं.

हाक मारायला हवी होती. पण अस्फावचा घास गिळवेना, आणि थुंकणार कसा? घशातून नुसतं 'ऊं, ऊं' निघालं. यशीनं ओढणी सारखी केली. "जेवण छान होतं तिरुवर्कमावशी," म्हणाली, आणि मण्यांमधून बाहेर पडली.

"यशी ना रे ती?" अस्फाव म्हणाला. "मग जाऊ कशाला दिलीस? बसवायची!"

देमिस्सेनं कसाबसा घास उतरवला. "म्हटलं, तुम्हाला चालेल न चालेल..."

"मला? अरे, माझी धाकटी सून फातुमा. बुधवारचं उपासाचं तीच रांधते मला. गेल्या मयतीला तंबू तिच्या भावांनी ठोकला. तू कुठल्या गावात राहतोस?"

तिरुवर्क बाहेर येऊन ताटाकडं बघत उभी होती.

"तिला सांग," देमिस्से पुटपुटला, "रविवारी..."

"मी नाही सांगणार. सईदचं दुकान माहीत आहे ना? ती दुकानाचा चढ चढायच्या आत गाठाल. उठा."

तो उठायला झाला. पण अस्फावनं कॉफी मागवली होती, निखाऱ्यावर दाणे तडतडायला लागले होते, आणि कपांच्या तीन फेऱ्यांतली पहिलीही झाली नव्हती. मोठ्या माणसाच्या कॉफीवरून उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून देमिस्से बसून राहिला.