सीटखालचा स्विच

गवत कापायच्या यंत्रांची दुरुस्ती मी सव्वीस वर्षं करतोय. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकाने सांगितलेला बिघाड आणि खरा बिघाड एकच निघाल्याचं मला फारसं आठवत नाही. "पट्टा गेलाय" म्हणून यंत्र टेम्पोत घालून आणतात आणि टाकीत पेट्रोल नसतं. म्हणून गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी नुसती मान डोलावतो, ऐकत नाही. यंत्र ठेवा, चार दिवसांनी या. गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायची मला सवयच नाही. या स्वभावावर माझं दुकान चाललं, आणि याच स्वभावाने दाजींचा घात केला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. एका शाळेचं मैदान सांभाळायची त्यांची नोकरी. पाच एकर गवत, कडेने पळायची पट्टी, एका कोपऱ्यात पाण्याचा नळ आणि नळामागे त्यांच्या राहायच्या दोन खोल्या. शाळेतली पोरं त्यांना पैलवान म्हणायची, कारण ते होतेच तसे. गवत कापायच्या त्या छोट्या ट्रॅक्टरवर ते बसले की ट्रॅक्टर दिसायचाच नाही, नुसते दाजी मैदानभर सरकताना दिसायचे. बावीस वर्षं एकच ट्रॅक्टर आणि एकच माणूस.

पहिल्यांदा तो ट्रॅक्टर घेऊन ते दुकानात आले तेव्हा म्हणाले, "मेव्हणे, हा मधेच बंद पडतोय. नळाच्या कोपऱ्यावर जरा गचका बसला की गप्प. लगेच परत सुरू होतो, पण परत गचका, परत गप्प."

"पेट्रोलमध्ये कचरा असेल," मी म्हटलं. मी एका चेन सॉची साखळी घासत होतो, वर बघितलंसुद्धा नाही. "ठेवा. शनिवारी न्या."

मी प्लग बदलला, फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला. मग दुकानामागच्या रिकाम्या जागेत ट्रॅक्टर फिरवला, खड्ड्यांतून मुद्दाम नेला. एकदाही बंद पडला नाही. शनिवारी दाजींना म्हटलं, "घ्या, घोडा झालाय."

महिन्याभरात ते परत आले. तोच कोपरा, तोच गचका. आता मला सीटखालच्या स्विचचा संशय आला. या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक स्विच असतो. त्यावर स्प्रिंग असते आणि माणसाच्या वजनाने ती दबलेली असते. माणूस उठला किंवा पडला की स्प्रिंग वर येते आणि इंजिन बंद होतं, म्हणजे खाली फिरणारी पाती थांबतात. काही शहाण्यांना हा स्विच नको असतो. "एक तार टाकून कायमचा चालू ठेवा," म्हणतात. असं म्हणणाऱ्याला मी दुकानाबाहेर काढतो, कारण असल्या तारेपायी पायाची तीन बोटं गेलेला माणूस माझ्याच गल्लीत राहतो.

मी सीट उलटी केली, स्विच काढला, मीटर लावून बघितला. स्विच चांगला होता. तरी जुना झालाय म्हणून मी नवा बसवला, वर नवी कडक स्प्रिंग टाकली. पुन्हा स्वतः बसलो, सीटवर उड्यासुद्धा मारल्या. इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं. माझं वजन पंच्याण्णव किलो आहे.

आणखी महिन्याने, तिसऱ्या वेळी ते आले ते टेम्पोतून उतरून दाराशीच थांबले. अंगात कामाचा सैल डगला, कॉलर वर केलेली. दुकानात तीन गिऱ्हाईकं होती.

"अरे, आता जास्तच व्हायला लागलंय," ते हळू म्हणाले. "सपाट जागेवरसुद्धा बंद पडतो. तू ती नवी स्प्रिंग टाकल्यापासून."

माझं डोकं सटकलं. माझ्या हातच्या कामात, माझ्याच दुकानात, चार लोकांसमोर खोट काढायची म्हणजे काय. "दाजी, मी मैलभर चालवलाय तो," मी म्हणालो. "यंत्रात काही नाही. बिघाड चालवणाऱ्यात आहे."

गिऱ्हाईकं हसली. दाजीही हसले. "असेल बाबा," म्हणाले, आणि ट्रॅक्टर परत टेम्पोत चढवायला लागले. फळीवरून ढकलताना त्यांना धाप लागली, म्हणून टेम्पोवाल्याने हात लावला. मी हे सगळं बघितलं आणि पुन्हा साखळी घासायला बसलो.

शाळेचे मुख्याध्यापक भले होते. आणखी दोन महिने गेल्यावर ते म्हणाले, बावीस वर्षांचं यंत्र, तेव्हा नवं घ्या, आणि निवडायला मला बरोबर न्यायला सांगितलं. मला बरंच वाटलं. जे माझ्याने दुरुस्त होत नाही ते कुणाकडूनच होणार नाही, असा माझा तोरा होता. वाटेत मी दाजींना अक्कल शिकवत होतो: पाच एकराला रुंद पात्याचं यंत्र बघायचं, रंगाला आणि कप ठेवायच्या खाचेला भुलायचं नाही, सुटे भाग मिळतात का ते आधी विचारायचं. दाजी खिडकीबाहेर बघत "हं, हं" करत होते.

दुकानदाराने एका ओळीत तीन यंत्रं लावली होती. मागे चालवून बघायला गवताचा तुकडा होता आणि त्यात मुद्दाम केलेला एक उंचवटा. विकणारा पोरगेला माणूस तोंडाचा पट्टा सोडून बोलत होता. दाजी पहिल्या ट्रॅक्टरवर बसले, पाती चालू केली, उंचवट्यापर्यंत गेले आणि इंजिन बंद पडलं.

"क्लच जरा हळू सोडा, साहेब," विकणारा म्हणाला.

ते दुसऱ्यावर बसले. दुसरा त्यांनी बारा-पंधरा पावलं नेला, आणि तोही बंद. विकणाऱ्याचं हसू जरा उतरलं. "साहेब, मागे रेलून नीट बसा. पुढे झुकलात की होतं असं."

"नीटच बसलोय," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा एखादी चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. तो चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मी जवळ गेलो. काय करतोय हे कळायच्या आधी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. "आता न्या," म्हटलं. मी शेजारून चालत राहिलो, हात तसाच दाबून. उंचवटा आला, गेला. इंजिन बंद पडलं नाही. मी हात काढला आणि ते बंद पडलं.

डगल्याखाली खांदा नव्हता, नुसतं हाड होतं. माझ्या तळव्याला ते टोचलं. पस्तीस वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात याच खांद्यावर बसून मी मांडवाचे दिवे लावले होते, आणि आता त्या खांद्यावर जोराने हात ठेवायची भीती वाटली.

दुकानात पार्सलं तोलायचा मोठा काटा होता. मी दाजींना त्यावर उभं केलं. ते नको नको म्हणत होते. काटा सत्तेचाळीसवर थांबला, आणि तेही बूट आणि डगल्यासकट. विकणारा मुकाट्याने आत निघून गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"भूक लागत नाही रे," ते म्हणाले. "थोडं खाल्लं की पोट भरतं. मागे डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं ना, तर तुझी ताई खूश होती. दोनदा पँटी आत घेऊन दिल्या तिने. शाळेतले लोक म्हणायचे, पैलवान, तब्येत छान केलीत. मग मी तरी काय बोलणार? लोक कौतुक करत होते."

ती संध्याकाळ, मग तपासण्या, मग मोठे डॉक्टर. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. जठरात सुरू झालेलं यकृतापर्यंत पोचलं होतं. ते आवाज न चढवता बोलत होते, आणि बोलता बोलता सहज म्हणाले, "चारएक महिने आधी आणलं असतं, तर ऑपरेशन करता आलं असतं."

ताईने पदर तोंडाशी धरला. दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. दाजी पहिल्यांदा दुकानात आले त्याला किती दिवस झाले हे मला मोजावं लागलं नाही. ते चार महिने माझ्या दुकानातच गेले होते. एक महिना मी प्लगमध्ये घालवला, एक स्विचमध्ये, आणि उरलेले माझ्या तोऱ्यात. आजाराने त्या माणसाच्या अंगावरचं मांस किलोकिलोने नेलं आणि त्या यंत्राला ते माझ्याआधी कळलं. नळाच्या कोपऱ्यावर ते दररोज सांगत होतं, आणि मी त्याचं तोंड बंद करायला नवनवे भाग टाकत होतो. कुणावर खापर फोडायचं म्हटलं तर दुसरं डोकंच सापडत नव्हतं.

नवा ट्रॅक्टर शाळेने घेतला नाही, कारण घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. जुना छपराखाली उभा राहिला आणि मैदानात गवत गुडघ्यापर्यंत आलं. मी रोज सकाळी जायला लागलो. दाजी खिडकीशी पडून असायचे, गवताकडे बघत.

एका सकाळी ताईच म्हणाली, "त्यांना एकदा कापायचंय रे. टाक ना ती तार. एकदाच."

तार माझ्या खिशातच होती. आठवडाभर मी ती बाळगत होतो, हे मी ताईला सांगितलं नाही. सव्वीस वर्षांचा नियम मोडायलाही मी तयार होतो. पण दाजींना पलंगावरून दारापर्यंत यायला तिघांचा आधार लागत होता. तोल जाऊन ते खाली पडले असते आणि पाती फिरतच राहिली असती.

"नाही टाकत," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"मग तू काप," दाजी आतून म्हणाले. "मला बाहेर खुर्ची टाका."

आम्ही त्यांना मैदानाच्या कडेला बसवलं, पायांवर घोंगडी टाकली. ताई मागे खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मी ट्रॅक्टर काढला. दाजी बोटाने रेघ दाखवायचे, मी ती धरायचो. वाकडा गेलो की बोट हलायचं. गवत खाली पडत गेलं आणि ट्रॅक्टर चालत राहिला. नळाच्या कोपऱ्यावरून मी चारदा गेलो, गचके बसले, इंजिन हूं की चूं करेना. माझंच काम होतं ते, नंबर एक झालेलं. प्रत्येक फेरीला ते यंत्र दाजींच्या तोंडावर सांगत होतं की आपल्यात कधीच काही बिघाड नव्हता. मला ते सहन होईना. हे बंद पडावं, एकदा तरी या माणसासमोर बंद पडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

पाचव्या फेरीला, नळापाशी, मी सीटवरून जरासा उठलो.

इंजिन बंद पडलं. मैदान एकदम शांत झालं. "बघा, दाजी," मी ओरडून सांगितलं. "तुमचंच खरं. इथेच पडतो बंद. यंत्रच खराब आहे हे."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. दाजींनी हाताने मला बोलावलं. मी गवतातून चालत गेलो आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो, कारण त्यांचा आवाज आता वरपर्यंत येत नसे.

"तू उठलास," ते म्हणाले.

मी बुटावरचं गवत झाडायला लागलो.

"बावीस वर्षं बसलोय त्यावर. बसलेला माणूस आणि उठलेला माणूस मला इथून कळतो."

चांगलं इंजिन उगाच बंद पाडू नकोस, असं काहीतरी ते पुढे म्हणतील आणि हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. मग मला जे निदान झाल्यापासून कुणालाच म्हणता आलं नव्हतं ते मी म्हणालो. "दाजी, पहिल्याच दिवशी तुम्हाला सीटवर बसवून बघायला हवं होतं मी."

'जाऊ दे रे' म्हणतील अशी मी वाट बघत होतो. ताईही बघत असावी, कारण तिचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. दाजी बराच वेळ अर्ध्या कापलेल्या मैदानाकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "बसवायला हवं होतंस."

मग त्यांनी बोट वर केलं आणि पुढची रेघ दाखवली.

मी परत गेलो आणि सीटवर बसलो. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं.