आधी बॅकअप

दोधू पाटलांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, स्पीकर चालू केला आणि खुर्ची कम्प्युटरच्या पुढ्यात ओढली.

"बठनात का?" सुरतेहून बायकोचा, नर्मदाबाईंचा आवाज आला.

"बठनू."

"पहिले बॅकअप. सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करानं. कट नही, कॉपी. कट करं आनि मझारमा लाईट गयी, ते ना आठलं ना तठलं."

"करी ऱ्हायनू," दोधू पाटील म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

बॅकअप कालच झाला होता. ती डिस्क हातरुमालात गुंडाळून कपाटात ठेवली होती, आणि ठेवण्याआधी दहा-वीस फोटो उघडून नीट आलेत ना हेही त्यांनी पाहिलं होतं. पाटील पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात लॅबमध्ये होते. उसाच्या रसातली साखर तपासता तपासता निवृत्त झाले. लॅबमध्ये कम्प्युटर आला तेव्हा त्याच्या डिस्कचे भाग त्यांनीच पाडले होते, तेही एक अक्षर न गमावता. पण मुलाने, भूपेशने, फोनवर सांगितलं की, "आबा, घरचा कम्प्युटर फार हळू चालतो, विंडोज नव्यानं टाकावं लागेल. त्याआधी डिस्कचे दोन भाग करून फोटो दुसऱ्या भागात हलवले पाहिजेत, नाहीतर सगळे पुसले जातील," तेव्हा पाटील चटकन म्हणाले होते, "माले नही जमाव बा. काही उडी गयं म्हंजे?" मग नर्मदाबाईंनीच फोनवरून एकेक पायरी सांगायची, असं ठरलं.

वेड पांघरून पेडगावला जायला माणसाला काहीतरी कारण लागतं. पाटलांचं कारण असं की, नातू भाग्येश झाला तेव्हा नर्मदाबाई सव्वा महिन्यासाठी म्हणून सुरतेला गेल्या होत्या. आता भाग्येश शेजारच्या पोरांशी गुजरातीत भांडत होता. सून काजल नोकरीला जायची, लेकरू परक्याच्या हाती देववत नव्हतं. कोणाचंच काही चुकत नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. रोज फोन व्हायचा. जेवलात का, गोळी घेतली का, आणि तेवढ्यात तिकडे पोर रडायचं. ब्राह्मणपुरीच्या त्या घरात पाटलांना फार एकटं वाटायचं. संध्याकाळी तर भांडं पडल्याचा आवाजसुद्धा बरा वाटायचा.

येत्या रविवारी कानबाई होती, श्रावणात घरोघरी बसवतात ती खानदेशची देवी. गेल्या दोन वर्षांत नर्मदाबाईंना येता आलं नव्हतं. या वर्षी येशील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि रोजच्या फोनमध्ये ते बसत नव्हतं. भूपेशच्या या कामाला मात्र दुपारभर वेळ लागणार होता.

"कितलं व्हयनं?"

"बारा टक्के."

"आजून बाराच?"

"डिस्क जुनी शे."

"निंबूले पानी टाकं का?"

"टाकं."

"मोगराले फुलं येतस का?"

पाटलांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मोगरा मरी गया."

"कवय?"

"उन्हायामा."

"मंग सांगं नही तुम्ही."

"फोनवर काय सांगू? मोगरा मरी गया म्हनीसन?"

नर्मदाबाईंनी पुन्हा टक्के विचारले आणि पाटलांनी वीस टक्के सांगितलं. मग गावातल्या लग्नांची चौकशी झाली, करमसिंगच्या म्हशीची झाली, गुडघ्याची झाली. पाटील टक्के वाढवायला चिक्कूपणा करत होते. अडतीसवर तर ते बराच वेळ थांबले.

"रोटना गहू निवडी लिधात का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"लिधात. मुठीबी मोजी लिध्यात. कमलवहिनी रोट करी दी."

"तीन ना?"

"चार."

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड गोड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ही पाटलांच्या घरची रीत. दोधू, भूपेश आणि भाग्येश. बायकांची मूठ धरत नाहीत. रोट भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचे नाहीत आणि उरवायचेही नाहीत, ज्या घरचे त्यांनी संपवायचे. गेली दोन वर्षं तिघांच्या नावाचे रोट पाटील दुधात कुस्करून एकटे खात होते.

"चौथी कोननी?"

"माले भूक जास्ती लागस."

नर्मदाबाई हसल्या नाहीत. सुरतेच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि विरली.

"रविवारे काजलनी ड्यूटी शे," त्या म्हणाल्या. "भूपेशबी बाहेरगाव जाई ऱ्हायना. पोऱ्याले कोनपाशी ठेवू? माले जमाव नही."

"मी कोठे काय म्हनं?"

"तुम्ही चार मुठी लिध्यात."

पाटलांनी माऊस उगाच पुढे-मागे केला. दुपारभर जपून ठेवलेला प्रश्न असा गव्हातून बाहेर पडला होता, आणि त्याचं उत्तरही येऊन गेलं होतं. आता हे सोंग ओढण्यात काही अर्थ नव्हता.

"व्हई गया बॅकअप," ते म्हणाले.

"अडतीसना एकदम?"

"एकदम पयना."

नर्मदाबाईंनी त्यावर काही विचारलं नाही. "मंग आते सी वर राईट क्लिक करा," त्या म्हणाल्या. "मंग श्रिंक. म्हंजे त्याले आकसाडानं. तो आकसना का बाजूले जागा सुटी."

पाटलांनी केलं. डिस्क निम्म्याहून अधिक रिकामी होती, पण कम्प्युटर त्यातली चिमूटभरच सोडायला तयार होता. का, ते पाटलांना माहीत होतं. तरी सवयीने ते म्हणाले, "जागा शे, पन देत नही."

"शेवटले एखादी फाईल अडीसनी बठेल व्हई. पंगतमा शेवटना मानूस जेवाले बठेल ऱ्हास, मझारना सगळा उठी जातस, तरी सतरंजी गुंडाळता येस नही ना? तसं."

पाटलांचा हात माऊसवर थांबला. "हाई भूपेशनी सांगं का?"

"हा," नर्मदाबाई जरा घाईने म्हणाल्या. "आते लिखा. पी, ओ, डब्लू..."

त्या एकेक अक्षर सांगत गेल्या. चौथी शिकलेली ही बाई भाजीवालीशी बोलावं इतक्या सहज ती अक्षरं सांगत होती. पाटलांनी ती टाइप केली आणि शेवटी अडून बसलेली फाईल उठली. त्यांनी पुन्हा आकसायला सांगितलं. डिस्क बारीक घरघरू लागली.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा मंदावला आणि टेबलाखाली यूपीएस ओरडू लागला. बॅकअप कपाटात होता, तरी पाटलांचा हात माऊसकडे गेला. भूपेशचं लग्न, भाग्येशचं बारसं, नर्मदाबाईंचा तापीच्या पुलावरचा तो एक फोटो, सगळं त्या घरघरीत होतं.

"लाईट गयी ना? माले आवाज येस," नर्मदाबाई म्हणाल्या. "हात लावू नका. व्हऊ द्या त्याले."

दोघं यूपीएसचं ओरडणं ऐकत बसले, एक ब्राह्मणपुरीत, एक सुरतेत. कित्येक दिवसांत पाटलांना इतकं सोबतीला कोणी असल्यासारखं वाटलं नव्हतं. मग पडद्यावरची निळी पट्टी आखडली आणि तिच्या शेजारी एक काळी पट्टी उमटली. रिकामी.

"व्हयनं," पाटील म्हणाले.

"मंग त्याले अक्षर द्या, नाव द्या. फोटो लिखा. फोटो तठे टाकाले तुमले येस."

लाईट परत आली. पंखा फिरू लागला. तिकडे भाग्येश उठला आणि त्याने भोकाड पसरलं.

"थांबा, फोन ठेवू नका," असं म्हणून नर्मदाबाईंनी फोन काजलच्या हातात दिला. ती नुकतीच कामावरून आली होती.

"झालं का आबा पार्टिशन?"

"झालं बेटा. तुझ्या सासूनं करून घेतलं."

काजल हसली. "कमालच आहे आईंची. हे म्हणत होते, मी इथूनच आबांचा स्क्रीन उघडतो आणि पाच मिनिटांत करून टाकतो. आईच नको म्हणाल्या. म्हणाल्या, माले शिकाड, मी सांगसू त्यासले. आठवडाभर आमच्या लॅपटॉपवर बसत होत्या, पोरगं झोपलं की. हे तर वैतागलेच. म्हणाले, आबांना हे सगळं येतं, लॅबमध्ये तेच करायचे. तर म्हणाल्या, माले मालूम शे."

म्हणजे पेडगावच्या वाटेवर पाटील एकटे नव्हते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. काच स्वच्छच होती.

"आबा? ऐकू येतंय ना? हं, आई आल्या, देते."

फोनवर नर्मदाबाईंचा श्वास ऐकू आला. भाग्येशला खांद्यावर टाकलं असावं, थोपटल्याचा आवाज येत होता.

"काजल काय म्हनत व्हती?"

"काही नही."

"मंग ठेवू का? सैपाक बाकी शे."

पाटलांनी पडद्यावर पाहिलं. दोन्ही पट्ट्या शहाण्यासारख्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. काम झालं होतं.

"ऐक," ते म्हणाले. "आखो एक पार्टिशन करनं पडी."

थोपटणं थांबलं.

"कवय?"

"आतेच."

पलीकडे कुठलं तरी स्टूल ओढल्यासारखं वाटलं.

"करा मंग," नर्मदाबाई म्हणाल्या. "पन पहिले बॅकअप."

"तो ते कालदिन..." पाटलांच्या तोंडून निघालं.

"नही. पहिलापाईन करा. मी बठेल शे."

कपाटाच्या दारातून हातरुमालाचं टोक दिसत होतं. पाटील उठले नाहीत. त्यांनी खुर्ची कम्प्युटरपासून वळवली आणि साखरेच्या डब्याजवळ ओढली.

"करी ऱ्हायनू," ते म्हणाले.

"कितलं व्हयनं?"

"एक टक्का."