बरं वाटण्याचा दिवस

दादाची दाढ ठणकायला लागली तेव्हा मोठ्या कार्यक्रमाच्या तालमी ऐन रंगात होत्या. तो वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा. ट्रम्पेट म्हणजे सगळा जोर ओठांवर आणि गालांवर. त्यात दाढ सुजलेली, म्हणजे एकेक सूर कवटीत खिळा ठोकल्यासारखा. पण तालीम बुडवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. गोळ्या गिळायच्या आणि वाजवायचं, असं त्याने ठरवून टाकलं. जेवण मात्र जाईना; चावणार कशानं? आठवडाभर तो चहा आणि पातळ सुपावर राहिला. शेवटी शुक्रवारी वहिनीने त्याला ओढतच दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा पू निघाला आणि ठणका थांबला.

धाकट्या बहिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. रविवारी दुपारी ती सहज म्हणून दादाकडे गेली.

"आली का उंदरांची डॉक्टरीण!" दादा सोफ्यावरूनच ओरडला. "बस. आज माझा पुनर्जन्म झालाय."

धाकटी बायोकेमिस्ट होती. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ असतो. शरीरात तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांना तो धरतो आणि निकामी करतो. तो संपला की यकृताच्या पेशींचं काय होतं, आणि ई जीवनसत्त्व देऊन त्या वाचवता येतात का, हे ती कित्येक वर्षं उंदरांवर तपासत होती. ग्लुटाथायोन संपवायला तिला कुठलं दुर्मिळ विष लागत नसे. घरोघरी असतं ते पॅरासिटामॉल पुरायचं. फक्त भरपूर द्यायचं, आणि उंदीर आधी उपाशी ठेवायचा. उपाशी यकृतात ग्लुटाथायोन मुळातच कमी असतं.

"काल काय उलट्या करत होता, विचारू नकोस," वहिनी म्हणाली. "पोटात काही ठरेना. आज बघ, सकाळपासून जीभ नुसती चालू आहे."

"उलट्या? कशामुळे?"

"उपाशीपोटी इतक्या गोळ्या, दुसरं काय होणार?"

"इतक्या म्हणजे किती?"

दादा हसला. "झाली उलटतपासणी सुरू! दुखलं की घ्यायचो. मोजायला मी काय दुकानदार आहे?"

धाकटी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. कचऱ्याच्या डब्यात पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, एकावर एक. त्यांच्याखाली गरम पाण्यात घालून प्यायच्या सर्दीच्या औषधाच्या फाडलेल्या पुड्या. तिने एक पुडी उजेडात धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. नाव वेगळं, रंग वेगळा, लिंबाचं चित्र. आत तेच औषध.

ती बाहेर आली तेव्हा दादा उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून बसला होता.

"तिथे दुखतंय?"

"जड वाटतंय जरा. काल ओकून ओकून स्नायू धरले असतील."

प्रयोगशाळेत हा दिवस तिने शेकडो वेळा पाहिला होता. पहिल्या दिवशी उंदीर मलूल पडतात. मग उठतात, मिशा साफ करतात, खायला येतात. नवीन विद्यार्थी खूश होऊन सांगायला यायचे, मॅडम, जगले! ती त्यांना एखाद्याचं यकृत दाखवायची. कापलेल्या जायफळासारखं, फिकट आणि डागाळलेलं.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"अगं, मला बरं वाटतंय!"

"म्हणूनच."

रस्त्यात दादा गाडीत गुणगुणत होता. मध्येच म्हणाला, "तुझं ते ई जीवनसत्त्व दे की मला. भाऊ म्हणून एवढा तरी फायदा होऊ दे."

"ते आधी दिलं तरच थोडंफार लागू पडतं, दादा. नंतर नाही." हे बोलल्यावर तिने खिडकीबाहेर पाहिलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. रक्तातलं पॅरासिटामॉल जवळजवळ शून्य आलं. "घरी न्या यांना," तो म्हणाला. "औषध उतरलंय."

"औषध उतरलंय, कारण त्याचं काम करून झालंय," धाकटी म्हणाली. "यकृताची तपासणी करा. रक्त गोठायला किती वेळ लागतो तेही बघा. तोवर मी इथून हलणार नाही."

तो नाखुशीनेच गेला. परत आला तेव्हा जवळजवळ धावत, मागे नर्स आणि सलाइनचा स्टँड. यकृतातून रक्तात सांडणारी द्रव्यं, एरवी चाळीसच्या आसपास असतात ती, हजारोंच्या घरात गेली होती. यकृताला पुन्हा ग्लुटाथायोन बनवता यावं म्हणून उतारा सुरू झाला. त्या बाटलीवरचं नाव धाकटीच्या ओळखीचं होतं. ते औषध वेळेत दिलं तर किती छान चालतं, हेही तिला ठाऊक होतं.

सोमवारी दादाचे डोळे पिवळे झाले. मंगळवारी तो बोलताना शब्द हरवू लागला. नर्सला वादक समजून "तू अर्धा सूर खाली आहेस" म्हणाला. वहिनी हसली आणि हसता हसताच तिने तोंडावर पदर दाबला. दुसऱ्या यकृतासाठी त्याचं नाव यादीत घातलं गेलं.

त्याच दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनीने धाकटीचं मनगट धरलं.

"तू त्या दिवशी डब्यातली पुडी वाचत होतीस. काय होतं त्यात?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते जमलं नाही. "तेच औषध. गोळ्यांतलंच."

"शनिवारी उलट्या होत होत्या तेव्हा मी तसल्या दोन पुड्या दिल्या. पोटाला गरम काहीतरी जावं म्हणून."

"तुला कसं कळणार होतं, वहिनी? आणि त्याने गोळ्याच आधी इतक्या—"

"ते राहू दे," वहिनी म्हणाली, आणि आत जाऊन दादाचे पाय चेपत बसली.

बुधवारी दादाला जागं करता येईना. मूत्रपिंडं थांबली. यकृत मिळालं नाही. गुरुवारी सकाळी, खिडकीतून ऊन पलंगापर्यंत आलेलं असताना, तो गेला.

तरुण डॉक्टर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "एक दिवस आधी, शनिवारीच आले असते तर…"

धाकटीने मान हलवून त्याला थांबवायचा प्रयत्न केला, पण शब्द निघून गेले होते. वहिनीने दादाचं घड्याळ आणि चष्मा पिशवीत भरला, पिशवीची गाठ मारली, आणि गाठ नीट बसली नाही म्हणून पुन्हा सोडली. धाकटीने ती तिच्या हातातून घ्यायला हात पुढे केला. वहिनीने पिशवी छातीशी धरली आणि जिन्याकडे चालू लागली.