रंगूच्या गळ्यातली चावी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चावी आहे आणि आज मी मुळीच गोड बोलणार नाही.

मुरुडच्या एका लोहाराने मला घडवलं. माझ्या मालकीणबाई फिरोजाबींच्या सासऱ्यांनी घराच्या थोरल्या दरवाजाला कुलूप करून घेतलं, त्याच्यासोबत मी आले. माझ्या नावाचं कुळ मात्र फार लांबचं. लॅटिनमधल्या ‘क्लाविस’ची आम्ही सगळी लेकरं. इटलीत माझी बहीण ‘कियावे’, स्पेनमध्ये ‘यावे’, फ्रान्समध्ये ‘क्ले’. ही ‘क्ले’ मोठी उद्योगी! ती दार उघडते, नट आवळणारा पानाही तीच आणि गाण्याच्या कागदावर सुरांची जागा दाखवणारी खूणही तीच. पोर्तुगीज गलबतांतून आमची एक बहीण या किनाऱ्यावर उतरली आणि इथल्या तोंडी रुळून चावी झाली. हे सगळं मला काशिफामुळे कळलं. ती फिरोजाबींची लेक, डॉक्टरकी शिकते.

बारा वर्षांपूर्वी हे कुटुंब मस्कतला गेलं. निघताना फिरोजाबींनी मला शेजारच्या रंगू कोळणीच्या हातावर ठेवलं. “रंगू, घर तुझ्या हवाली,” एवढंच त्या म्हणाल्या. रंगूने मला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. मासळी विकून आली की ती रोज दार उघडायची, केर काढायची, खिडक्या उघडून दमट वास घालवायची आणि तिन्हीसांजेला दिवा लावायची. एका सुट्टीत काशिफाने तिच्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं. “रंगूमावशी, या हाडाच्या लॅटिन नावाचा अर्थ काय, ठाऊक आहे? छोटी चावी!”

“म्हंजे देवानं मला एक आधीच दिली व्हती!” रंगू खळखळून हसली.

गेल्या वर्षी काशिफाचा भाऊ अदनान एकटाच आला. मस्कतला वाढलेला, शिकलेला, पण अकलेचा कांदा! स्वयंपाकघरात आजीची तांब्याची देग, म्हणजे बिर्याणीचं थोरलं भांडं, दिसेना. मित्रांनो, आमच्याकडे लग्नसराईत देग कधी घरात बसत नाही. या लग्नातून त्या लग्नात जाते. तिची चिठ्ठी नसते, की चपाटी. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, पण अदनानला कोण सांगणार?

रंगू टोपली घेऊन दारात आली आणि त्याने भर अंगणात, चार माणसांसमोर विचारलं, “मावशी, देग किधर गयी? चावी तर तुमच्याकडेच होती ना!”

“आगरदांड्याला लग्नाला गेलीय. तुज्या अम्मीनंच सांगितला व्हता.”

“असं सगळेच बोलतात. चावी द्या इकडे.”

रंगूने मला गळ्यातून वर ओढलं. दोरा अंबाड्यात अडकला, तो तिने सोडवला आणि मला त्याच्या हातावर ठेवलं. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत तिने घरातली काडीसुद्धा घेतली नव्हती!

अदनानने मोठ्या फुशारकीने आईला फोन लावला. फिरोजाबी किंचाळल्याच. “नालायका! देग मीच द्यायला लावली!” मग काशिफाने फोन ओढला. “भाईजान, पूर्वी रोममध्ये बायकोकडून घराच्या चाव्या काढून घेतल्या, की नातं तुटलं असं समजायचे. आज काय केलंस, कळतंय का तुला?”

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून देग आली, चांगली कल्हई करून. अदनान मान खाली घालून रंगूच्या दारात गेला.

“मावशी, चुकलो. माफ करा. ही चावी घ्या.”

“माफ केला. पोर हायस तू. पन चावी नको.”

“मग घर कोण बघणार?”

“ज्याचा घर, तो बघंल.”

आता मी अदनानसोबत मस्कतला येऊन एका खणात पडून आहे. तिकडे गावाला माझं कुलूप गंजतं आहे आणि दाराला वाळवी लागली आहे, असं कळतं. फिरोजाबी रंगूला रोज फोन करतात. रंगू भरभरून बोलते, मासळीचं, गुडघ्यांचं, सुनेचं. घराचं नाव काढत नाही.

मित्रांनो, ज्याच्या हाती चावी दिलीत, त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी घरात एकदा विचारा. तेवढंही होत नसेल, तर कुणाला चावी देऊच नका. आपलं घर आपणच झाडा.