डावा हात

ज्वांग हेडमास्तरांनी पाठाच्या कागदावरची ती ओळ लाल पेनानं खोडली आणि ल्येन बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इंग्रजीतला 'टी' आपल्या किनाऱ्यावरच्या मिन्नान बोलीत चहाला म्हणतात त्या 'टे'वरून गेला? हे काय लिहिलंय? शहरातून तपासणीला माणसं येणार आणि तुम्ही गावठी बोली उगाळणार? इंग्लंडचा शब्द म्हणायचं आणि पुढं जायचं."

"पण सर, ते खोटं आहे! चहा आपल्या किनाऱ्यावरून गेला, नावही त्याच्यासोबत गेलं."

"पाठ बसवा, बाई. जास्त शहाणपण नको."

आठ दिवस पाठ बसवला. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा. पाहुण्यांना वर्ग हुशार दिसतो आणि बाई फक्त उजव्या हाताला उठवतात. लाज वाटावी असला हा तमाशा, पण दर तपासणीला हेच.

त्या दिवशी पाच पाहुणे मागं बसले होते. हेडमास्तर दाराशी हात चोळत उभे.

"'टी' हा शब्द आला कुठून?" बाईंनी विचारलं.

अठ्ठेचाळीस हात वर गेले. शेवटच्या बाकावरच्या बिनलानचा डावा होता. चहाच्या मळ्यातली पोर, पानं खुडून बोटं काळी पडलेली. हिला नाही तर कुणाला माहीत असणार? आठ दिवस दाबलेला संताप उसळून आला. हेडमास्तरांची जिरवायचीच, असं बाईंनी ठरवलं.

"बिनलान, तू सांग."

हेडमास्तरांचा चेहरा पडला.

"माहीत नाही, बाई."

"तुझी आजी चहाला काय म्हणते?"

बिनलाननं मागच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं जमिनीवर खडूचा चौकोन होता. शाळेत बोलीभाषा बोलणाऱ्यानं तासभर त्यात उभं राहायचं.

"माहीत असून डावा हात वर करतेस?" बाईंचा आवाज चढला. "का?"

"सोमवारी मी तोच शब्द बोलले," बिनलान खाली मान घालून म्हणाली, "तर तुम्हीच मला तिथं उभं केलंत."

खरंच होतं. नियम म्हणजे नियम, असंही वर सुनावलं होतं. हेडमास्तरांवरचा सगळा राग उलटून बाईंच्या स्वतःच्याच अंगावर आला.

"टे," त्या म्हणाल्या. पाहुण्यांना नीट ऐकू जाईल असं, मोठ्यानं.

मग खडू टेबलावर ठेवून त्या मागं गेल्या आणि चौकोनात उभ्या राहिल्या.